मोबाइल आला, मग अडते कुठे?

नाशिकरोडहून शहरात जाणाऱ्या शेअर रिक्षात शेजारी बसलेला माणूस माझ्या मांडीवरच्या पांढऱ्या काठीकडे आणि हातातल्या बोलणाऱ्या मोबाइलकडे आळीपाळीने पाहत असणार, हे मला न दिसताही कळते. दत्तमंदिर मागे पडले की प्रश्न येतोच. “काका, आता मोबाइल आल्यामुळे तुम्हा लोकांचं सगळं सोपं झालं असेल, नाही का?” प्रश्न आपुलकीचा असतो आणि द्वारका यायला फार वेळ नसतो, त्यामुळे मी “हो, बरंच” एवढेच म्हणतो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. तुम्हीही तेच विचारलेत म्हणून, आणि या वेळी कोणाला उतरायची घाई नाही म्हणून, पुरे उत्तर देतो.

माझी दृष्टी वयाच्या अकराव्या वर्षी गेली. बारावीपर्यंतचा माझा सगळा अभ्यास थोरल्या बहिणीने कॅसेटवर वाचून ठेवला होता. इतिहासाच्या धड्यात मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येई आणि मला आजही काही सनावळ्या त्या शिट्टीसकट आठवतात. पुढे एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो. वर्तमानपत्र घरात सकाळी येई, पण कोणाला तरी फुरसत मिळून ते मला वाचून दाखवले जाईपर्यंत दिवेलागण झालेली असे. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी स्क्रीन रीडर नावाची आज्ञावली असते, हे तेव्हा ऐकून माहीत होते, पण तिची किंमत माझ्या पगाराच्या कितीतरी पट होती. मग 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन तरुणांनी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि तो जगाला फुकट दिला. दोघेही स्वतः अंध. आमच्या गरजेची वस्तू आमच्यातल्याच कोणी केली की ती किती वेगळी होते, हे मला पहिल्यांदा तेव्हा समजले. आज अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक नावाचा स्क्रीन रीडर आयताच असतो, तो मराठी बोलतो, आणि सकाळच्या बातम्या मी सकाळीच, चहा गार व्हायच्या आत वाचतो. “हो, बरंच” यातला ‘हो’ एवढा मोठा आहे, आणि तो कमी लेखण्याचा कृतघ्नपणा मला करायचा नाही.

आता ‘बरंच’ या शब्दात मी जे गिळतो, ते सांगतो.

ज्या गावात मी राहतो, त्या गावात देशाच्या नोटा छापल्या जातात. नाशिकरोडचे चलार्थ पत्र मुद्रणालय 1928 पासून चालू आहे आणि माझ्या ओळखीची निम्मी घरे ‘प्रेस’मधली आहेत. तरीही हातात आलेली नोट कितीची, हे मला खात्रीने सांगता येत नाही. पूर्वी येत असे. जुन्या मालिकेत शंभराची नोट 157 मिलीमीटर लांब होती आणि पाचशेची 167. एक सेंटिमीटरचा फरक बोटांना चटकन कळतो. 2016 नंतर आलेल्या नव्या मालिकेत शंभराची 142, दोनशेची 146 आणि पाचशेची 150 मिलीमीटर झाली. चार मिलीमीटरचा फरक टेबलावर दोन नोटा एकमेकींवर ठेवून कळतो, भाजीबाजारात उभ्या उभ्या कळत नाही. शंभरावर उठावाचा त्रिकोण, दोनशेवर इंग्रजी ‘एच’ आणि पाचशेवर वर्तुळ आहे, कडेला उठावाच्या तिरक्या रेघाही आहेत. कोऱ्या नोटेवर त्या छान लागतात. पण माझ्या वाट्याला कोऱ्या नोटा कितीशा येणार? दहा हातांतून घामेजून आलेल्या नोटेवर त्रिकोण आणि वर्तुळ सारखेच सपाट असतात. पन्नासच्या आणि त्याखालच्या नव्या नोटांवर तर अशी खूणच नाही.

रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2020 रोजी ‘मनी’ नावाचे ॲप आणले. मोबाइलचा कॅमेरा नोटेवर धरला की ते नोट कितीची ते बोलून सांगते, आणि इंटरनेट नसतानाही चालते. ॲप चांगले आहे आणि घरी बसून पाकीट लावताना मी ते नेहमी वापरतो. पण बाजारात एका हातात काठी, दुसऱ्या हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी, मागे ‘चला काका, चला’ म्हणणारी माणसे. अशा वेळी नोट पसरून धरायला आणि मोबाइल रोखायला तिसरा आणि चौथा हात लागतो. म्हणून मी अजून जुनीच पद्धत पाळतो. शंभराची नोट आडवी एक घडी, दोनशेची दोन घड्या, पाचशेची उभी घडी करून वेगळ्या कप्प्यात. सुट्टे परत घेताना मात्र घडी समोरच्याच्या हातात असते. एकदा मी दोनशे समजून पाचशेची नोट दिली आणि रिक्षावाल्याने दोनशेचेच सुट्टे परत केले. त्याचे लक्ष नव्हते की होते, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही, आणि खरे सांगायचे तर तीनशे रुपयांपेक्षा ते न ठरवता येणेच जास्त टोचते.

या कटकटीतून मला ज्याने सोडवले, ते यंत्र माझ्यासाठी बनलेलेच नव्हते. दुकानाच्या काउंटरवरचा तो लहानसा डबा तुम्ही रोज ऐकता. पैसे जमा झाले की तो रक्कम मोठ्याने सांगतो. गर्दीत दुकानदाराला दर वेळी मोबाइल बघावा लागू नये आणि पैसे पाठवल्याचे खोटे चित्र दाखवून कोणी फसवू नये, यासाठी तो आला. पण त्याच्या तोंडून “एकशे चाळीस रुपये” ऐकले की मी एक शून्य जास्त टाकलेले नाही, याची माझीही खात्री होते, आणि ती दुकानदाराला न विचारता होते. (क्यूआर कोड नेमका कोणत्या भिंतीला चिकटवला आहे, हे शोधण्याची करमणूक अजून शिल्लक आहे, मी सरळ मोबाइल नंबर विचारून त्यावर पैसे पाठवतो.) आवाजाचा डबा अंधांसाठी म्हणून निघाला असता तर तो शहरातल्या चार संस्थांत पोहोचला असता आणि त्याच्या वाटपाचा समारंभ झाला असता. तो सगळ्यांसाठी निघाला, म्हणून आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानातही आहे.

आता याच काउंटरवरची दुसरी वस्तू पाहा. कार्ड स्वाइप करायच्या जुन्या मशीनला खरी बटणे होती आणि पाचच्या बटणावर एक बारीक टिंब होते. त्या टिंबावर मधले बोट टेकवले की वरची ओळ, खालची ओळ, डावे, उजवे सगळे हाताशी येई आणि मी माझा पिन कोणालाही न सांगता दाबत असे. आता कित्येक ठिकाणी बटणे गेली आणि काच आली. मागच्या दिवाळीत कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मी काचेवरून बोट फिरवत उभा होतो, तेव्हा काउंटरवरचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, “सर, पिन सांगा ना, मी टाकतो.” पिन कोणालाही सांगू नका, असा संदेश बँक मला आठवड्यातून एकदा पाठवते आणि टॉकबॅक तो मला वाचूनही दाखवतो. मागे रांग होती, पत्नी साड्यांच्या मजल्यावर होती. मी त्या मुलाच्या कानाशी वाकून चार आकडे सांगितले आणि घरी येऊन पिन बदलला. पूर्वी जे मला येत होते, ते काच आल्यामुळे येईनासे झाले. त्या यंत्राने माझे अपंगत्व वाढवले, असे मी म्हणतो, आणि हे वाक्य ऐकून लोक जरा गप्प होतात.

बँकेचे खाते मोबाइलवरून अद्ययावत करतानाचा प्रकार त्याहून मजेशीर होता. चेहरा गोलात आणा, असे ॲपने सांगितले. गोल कुठे आहे ते सांगितले नाही. भाच्याने माझी मान धरून चेहरा गोलात बसवला. मग आज्ञा झाली, ‘डोळ्यांची उघडझाप करा.’ माझा एक डोळा कृत्रिम आहे आणि दुसरा जवळजवळ मिटलेलाच असतो. तीन प्रयत्नांनंतर ॲपने मी जिवंत माणूस असल्याची खात्री पटत नसल्याचे कळवले. असा अनुभव माझा एकट्याचा नाही. ॲसिड हल्ल्यात डोळे आणि चेहरा गमावलेल्या व्यक्ती आणि एक अंध वकील याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने त्यावर निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ओळख पटवण्याच्या पद्धती बदलण्यासाठी 20 निर्देश दिले. माहिती व तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही लिहिलेले आहे. कायदा म्हणून आमच्याकडे कशाची उणीव नाही. उघडझाप मागणारा तो पडदा ज्याने रचला, त्याच्या शेजारच्या खुर्चीत आमच्यापैकी कोणी बसलेले नव्हते, एवढेच.

मराठीच्या बाबतीत एक दुखणे खास आपले आहे. संगणकावर प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड नावाची जागतिक पद्धत आहे आणि तिच्यात देवनागरी 1991 पासून आहे. तरीही छापखान्यांत आणि कार्यालयांत जुन्या डीटीपी फॉन्टवर टंकलेला मजकूर अजून फिरतो. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘अर्ज’ दिसतो, पण आत साठवलेली अक्षरे इंग्रजी असतात. वरून फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. तुम्हाला मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडरला आतले ऐकू येते. मराठी परिपत्रक उघडावे आणि कानात ‘व्ही, के, जे, टी, स्वल्पविराम, झेड’ अशी बाराखडी सुरू व्हावी, हे मी वर्षानुवर्षे सोसले आहे. काही ठिकाणी तर कागदावर शिक्का मारून, त्याचा फोटो काढून, तोच संकेतस्थळावर चढवतात. तिथे टॉकबॅक ‘चित्र’ एवढेच म्हणतो आणि गप्प बसतो. हल्ली चित्रातला मजकूर ओळखणारी, किंबहुना समोर काय आहे त्याचे वर्णन करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची ॲप आली आहेत आणि त्यांनी मला पत्रिका, विजेचे बिल, दारावरच्या पाट्या वाचून दाखवल्या आहेत. पण ती चुकतात तीही ठाम स्वरात. औषधाच्या पट्टीवरची मुदत मी अजून पत्नीलाच विचारतो.

मागच्या पावसाळ्यात इंदिरानगरमधला एक तरुण अभियंता माझ्याकडे आला. द्राक्ष बागायतदारांना फवारणीच्या नोंदी ठेवता याव्यात, असे ॲप तो आणि त्याचे मित्र करत होते, आणि तुमचाच प्रश्न त्याने जरा शास्त्रीय भाषेत विचारला. मी त्याला त्याच्याच मोबाइलवर टॉकबॅक सुरू करायला लावले, पडदा काळा करायला लावला आणि म्हणालो, “आता आजची फवारणी नोंदव.” त्याने बोट फिरवले. मोबाइल म्हणाला, ‘बटण.’ आणखी फिरवले. ‘बटण. बटण. लेबल नाही.’ स्वतः बांधलेल्या घरात त्याला दार सापडेना. दहा मिनिटांनी तो म्हणाला, “काका, प्रत्येक बटणाला नाव द्यायची जागा असते हो. आम्ही ती रिकामीच सोडली.” मी विचारले, किती वेळाचे काम आहे? म्हणाला, एका संध्याकाळचे. ते त्याने त्या संध्याकाळी खरोखरच केले, आणि पुढच्या भेटीत त्याचा मोबाइल ‘फवारणी नोंदवा’, ‘औषधाचे नाव’, ‘मागची नोंद’ असे व्यवस्थित बोलू लागला. मी खूश झालो आणि उत्साहाच्या भरात त्याला सल्लाही दिला की, फवारणीची वेळ झाली की मोठ्याने आवाज द्या, पडद्यावर काही दाखवत बसू नका.

ही हकिकत मी कार्यालयात रंगवून सांगितली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला ऐकू येत नाही. आमची जुनी वाटणी आहे. फोन मी घेतो, शिक्क्याची परिपत्रके तो वाचतो आणि माझ्यासाठी टंकून ठेवतो. माझे बोलणे त्याने कोणाकडून तरी लिहून घेतले, आणि थोड्या वेळाने माझ्या मोबाइलवर त्याचा संदेश आला. टॉकबॅकने तो वाचला. ‘आवाज द्या म्हणालास. माझ्या भावाची दिंडोरीला बाग आहे, तोही माझ्यासारखाच. त्याने काय ऐकायचे?’

तो तरुण येत्या शनिवारी पुन्हा येणार आहे. मी त्याला सांगितले आहे की या वेळी एक खुर्ची जास्त लागेल.