गली ट्रॅप झाकला आणि मैला घरात आला

हरतालिकेच्या सकाळी परळच्या एका जुन्या इमारतीतून फोन आला. तळमजल्यावरच्या आजींच्या मोरीतून घाण पाणी वर येत होतं आणि दुसऱ्या दिवशी घरात गणपती यायचा होता. मी प्लंबर, माझे निम्मे कारागीर गावाला, कोकणात गेलेले. हाताखालच्या पोराला घेऊन मीच निघालो.

मोरीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत होतं. त्यात भाताची शितं होती, मैलाही होता. आजींनी उंबऱ्याला गोणपाट लावलं होतं. पलीकडे मखर अर्धवट उभं. "अरे बाळा, मी सकाळपासून नळसुद्धा सोडलेला नाही," त्या म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. लाइन पुढे तुंबली की वरच्या मजल्यांचं सांडपाणी सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतं. म्हणून आधी गच्चीवरच्या टाकीचे कॉक बंद केले. घरोघरी पाहुणे, त्यामुळे आरडाओरडा झाला. होऊ दिला.

मग चेंबरची, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनवरच्या तपासणीच्या खड्ड्यांची, झाकणं काढली. इमारतीलगतचं चेंबर काठोकाठ भरलेलं, गेटजवळचं कोरडं. म्हणजे चोकअप या दोघांच्या मधे, सोसायटीच्याच लाइनमध्ये. गेटजवळचंही भरलेलं असतं तर पुढे रस्त्याच्या लाइनवर संशय घेतला असता आणि पालिकेच्या १९१६ वर तक्रार नोंदवायला सांगितलं असतं.

सेक्रेटरी म्हणाले, "पोराला आत उतरवा ना, पटकन होईल." मी सरळ नकार दिला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पण कायदा नसता तरी मी उतरवलं नसतं. गटारातला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वाढला की नाकाला वास कळेनासा होतो. माणसाला वाटतं हवा ठीक आहे, आणि तो तिथेच कोसळतो. दुसऱ्याच्या मुलाचा जीव इतका स्वस्त समजणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

कोरड्या चेंबरच्या तोंडाशी वर उभं राहूनच बांबूच्या खपच्या (लांब लवचिक पट्ट्या) लाइनमध्ये सारल्या. बराच वेळ खपची एकाच जागी टणकन अडत होती. शेवटी सुटली तेव्हा पाण्याच्या लोंढ्याबरोबर टाइल्सचे तुकडे, गोठलेल्या सिमेंटचे गोळे आणि त्यांना गुंडाळलेलं फडकं आलं. वर कुठेतरी बाथरूमचं काम झालं होतं आणि गवंड्याने घमेलं संडासातच धुतलं होतं.

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. लाइन तुंबली तरी मैला घरात का यावा? मोरीचं पाणी बाहेर भिंतीलगतच्या गली ट्रॅपमध्ये पडतं. त्यात दोन-तीन इंच पाणी कायम साचून राहतं, त्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं अडतात. चेंबर भरून पाणी उलटं आलं, तर ते याच ट्रॅपच्या जाळीतून अंगणात सांडतं आणि घर वाचतं. इथे ट्रॅप दिसतच नव्हता. आजींनी खिडकीखालची जागा दाखवली, "इथे जाळी होती रे." पेव्हर ब्लॉक बसवताना ठेकेदाराने ती गाडून टाकली होती.

ब्लॉक उचकटले. ट्रॅप सापडला, गाळाने भरलेला. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली, तर आवारच मोरीच्या जाळीपेक्षा चार बोटं उंच! मुंबईत हे सर्रास दिसतं. दर दुरुस्तीला आवारावर थर चढतो आणि तळमजला खाली जातो. अशा वेळी नुसता ट्रॅप उघडून भागत नाही, आधी घरातच पाणी येणार.

त्या दिवशी गाळ काढून ट्रॅप धुतला, मोरी फिनाइलने घासून दिली. संध्याकाळी आजींनी मखर पूर्ण केलं. विसर्जनानंतर भिंतीलगतची पट्टी खोल उकरून आवाराच्या सखल बाजूकडे उतार दिला आणि ट्रॅपची जाळी मोरीपेक्षा सहा इंच खाली बसवली. गच्चीच्या पावसाचा पाइप याच ट्रॅपमध्ये सोडलेला होता, तो पावसाच्या गटाराकडे वळवला. एरवी जोराच्या सरीत ट्रॅप आणि चेंबर त्यानेच भरले असते. जाळी सिमेंटने पक्की केली नाही. आतून दाब आला तर ती उचलली गेली पाहिजे आणि गाळ काढायला हाताने निघाली पाहिजे. तिच्यावर कुंडी किंवा स्कूटर ठेवायची नाही, हे सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर लिहून लावलं.