पर्समधली गोळी

‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं डॉक्टरांनी विचारल्यावर मी म्हणाले, ‘फक्त बीपीची गोळी.’ आपण काही लपवतोय असं मनातही आलं नाही. गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅक पर्समध्ये कंगव्याशेजारी पडलेली असायची. तिला औषध कोण म्हणतंय! दोन महिने रोज दोन घेत होते.

त्यातच दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या. अंग मोडून आलं म्हणून आणखी एक दुखण्याची गोळी, आयबुप्रोफेन. जुलाब थांबले, पण लघवी अगदी कमी झाली आणि पाय सुजले. मोजा काढला की घोट्यावर त्याची वीण उमटलेली दिसायची. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन 2.8. किडनीचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो. सहा महिन्यांपूर्वी 0.9 होतं.

‘घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या,’ डॉक्टर म्हणाले. टेबलावर पिशवी उपडी केली तेव्हा अर्ध्याहून जास्त स्ट्रिप्स दुखण्याच्याच निघाल्या. माझी मलाच लाज वाटली. बीपीच्या गोळीतही दोन औषधं होती: टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं एक.

त्यांनी कागदावर किडनीची गाळणी काढून दाखवली. शरीरातलं पाणी कमी झालं की गाळणीकडे रक्त आणणारी नळी प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातच बनणारी रसायनं उघडी ठेवतात. दुखण्याची गोळी नेमकी तीच बनू देत नाही, म्हणून ती नळी आकसते. टेल्मिसार्टनमुळे रक्त बाहेर नेणारी नळी सैलावते, म्हणजे गाळणीत दाबच उरत नाही. आणि पाणी तर जुलाबांनी आणि त्या दुसऱ्या औषधाने आधीच पळवलेलं.

दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या, बीपीची तात्पुरती. दोन दिवस सलाइन लावलं होतं. लघवी मापाच्या भांड्यात मोजायची, पोटॅशियम तपासायला सारखं रक्त द्यायचं. भीती डायलिसिसची होती, ती वेळ आली नाही. आठवड्याने 1.9, महिन्याने 1.2. पुन्हा 0.9 काही झालं नाही.

गुडघा अजून दुखतो. मांडीचे व्यायाम करते, फारच झालं तर ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल. मलमातलं औषधही थोडं रक्तात जातं, म्हणून तेही विचारूनच लावते.

परवा दाढ काढली. दातांच्या डॉक्टरांनी विचारायच्या आतच मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चिठ्ठीवरचं दुसरं नाव खोडलं.