मॅनिफोल्डचा मोडलेला बोल्ट शेवटी निघाला

परवा रविवारी गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर सायलेन्सरकडं नेणारा पाईपांचा भाग) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली सीलची पट्टी, बदलायला बसलो, पाच बोल्ट नीट सुटले आणि सहावा एम८चा (८ मिमी जाडीचा) बोल्ट पाना लावल्या लावल्या कट्ट करून मोडला, पोटात गोळाच आला भावांनो, कारण बोल्टाचे आटे इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, ते गेले की खर्च वाढलाच.

गंज आणि वर्षानुवर्षांची उष्णता, दोन्ही मिळून बोल्ट धरून ठेवतात, त्यात आपला कोल्हापूरचा पाऊस. म्हणून आधीच्या रात्री रस्ट ऑइल मारून ठेवायला पाहिजे होतं, मी अर्धा तासच थांबलो.

नशीब एवढंच की मॅनिफोल्ड काढल्यावर साधारण ८ मिमी तुकडा बाहेर राहिला होता. ईझी-आउट (मोडका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) मी मुद्दाम लावलं नाही, ते कडक पोलादाचं असतं, आत मोडलं तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही. उद्यमनगरातल्या एका वेल्डिंगवाल्या मामांना घरी घेऊन आलो. त्यांनी बॅटरीची वायर काढायला लावली, तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरलं, लालबुंद नट काळा पडेपर्यंत थांबले, मग पाना लावून थोडं पुढं थोडं मागं. एकदम जोर नाही. पहिल्यांदा नटच तुटून हातात आला, दुसऱ्यांदा भरल्यावर बारीक किर्र आवाज आला आणि तांबूस भुकटी सांडत बोल्ट फिरला, त्या आवाजानं जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही!

आट्यांतून हातानं १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) टॅप, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार, फिरवला, सगळे बोल्ट नवीन टाकले, अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावून. ते लावल्यावर मात्र टॉर्क (आवळायचा जोर) थोडा कमी ठेवा, नाहीतर बोल्ट ताणला जातो.