३.८२ आणि अल्जिब्राचा बी

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझर आहे. आम्ही मुलांना करिअर सुचवतो असा लोकांचा समज. खरं तर निम्मा जन्म पदवीच्या १२० क्रेडिटांची, म्हणजे विषयांना ठरवून दिलेल्या भारांकांची, जुळवाजुळव करण्यात जातो.

विषय सोडायची मुदत संपायची होती त्या शुक्रवारी, भर दुपारी ती आली. पुण्याची मुलगी, तिसरं वर्ष, इकॉनॉमिक्स आणि मॅथ्स असा डबल मेजर, म्हणजे दोन मुख्य विषय. अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्राच्या मिडटर्मनं दणका दिलेला.

"मॅम, मॅथ्स मेजरच सोडते. जीपीए ३.८ च्या खाली गेला की पीएचडी विसरा."

मी कागद पुढे ओढला. झालेली क्रेडिट ७५, जीपीए, म्हणजे चारपैकी ग्रेडची सरासरी, ३.८२. अल्जिब्राची ३ क्रेडिट, त्यात बी पडला असं धरलं, म्हणजे ३.०. उत्तर ३.७९.

"एवढंच?"

"एवढंच. पण राहिलेल्या सगळ्या ४५ क्रेडिटांना सरासरी ३.३ पडले, तर ३.६३ वर येशील."

दोन्ही आकडे खरे. त्यातून इकॉनॉमिक्सच्या पीएचडीला प्रवेश देणारे मेजर किती ते मोजत बसत नाहीत. रिअल अ‍ॅनालिसिस या गणिताच्या विषयात काय पडलं, ते आधी बघतात. तो विषय आमच्याकडे मायनरमध्येही, म्हणजे गणित दुय्यम विषय ठेवूनही, घेता येतो. तेव्हा अल्जिब्रा सोडावा, मायनर ठेवावा, हे सरळ दिसत होतं.

फक्त या सत्रात तिची १४च क्रेडिट होती. ३ गेली की ११, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाला सत्रात किमान १२ लागतात. पदवीच्या अटी पुऱ्या होतात का ते तपासणारं आमचं महागडं ऑडिट सॉफ्टवेअर मेजर बदलून बघितला की हिरव्या खुणा दाखवतं. व्हिसा म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नाही. मग अर्ध्या सत्रानंतर सुरू होणारे वर्ग धुंडाळले. बहुतेक ऑनलाइन. एफ-१ वाल्यांचा सत्रात एकच ऑनलाइन विषय धरतात, आणि तो तिनं आधीच घेतलेला. शेवटी स्टॅटिस्टिक्स विभागात आर या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅमिंगचा एक क्रेडिटचा वर्ग सापडला, सोमवारपासून, प्रत्यक्ष बसून करायचा. जागा भरलेल्या. तिथल्या बाईंना फोन करून एक जागा वाढवून घेतली. असली कामं कुठल्या अहवालात येत नाहीत, पण आमच्या ऑफिसात ती इतक्या झटपट दुसरं कोणी करत नाही, हे मी सांगणारच.

सोमवारी पडद्यावर बघते तर आर घेतलेला, आणि अल्जिब्रा जागच्या जागी. सोडलाच नव्हता.

त्याच दिवशी वडिलांचा फोन. आडनाव बघून थेट मराठीत. "मॅडम, तिला किती पडले तेवढं सांगा." फर्पा नावाच्या, विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या १९७४ च्या कायद्यानं, मुलीची लेखी संमती नसेल तर मला ते सांगता येत नाही. "अहो, फी आम्ही भरतो!" हे वाक्य सगळेच बाप म्हणतात. सर्वांना लागू असलेला नियम तेवढा सांगितला: डबल मेजर म्हणजे पदवी एकच, दोन पदव्या हव्या असतील तर आमच्याकडे आणखी ३० क्रेडिट लागतात.

ते क्षणभर थांबले. "पदवी एकच? मग हा उपद्व्याप कशासाठी?"

शुक्रवारी हे मी तिला विचारलंच नव्हतं. माझ्या फॉर्मवर त्याला रकानाच नाही.

डिसेंबरात अल्जिब्रात बीच पडला. इतर विषयांनी थोडं सावरलं, पण ३.८ हुकलं. आठवडाभरात तिची मेल आली: अल्जिब्राचा दुसरा भाग घ्यायचाय, पण तो इकॉनोमेट्रिक्सच्याच वेळेला ठेवलाय, काही करता येईल का? दोन्ही विभागांना लिहिलंय. इकॉनॉमिक्सवाले दुसरी बॅच काढतील असं वाटतं; मॅथ्सवाल्यांकडून उत्तराची अपेक्षा मी ठेवत नाही.