मालदांडी, दगडी आणि जेलवरच्या रेघा

ज्वारीच्या देशी वाणांची आपसातली नाती डीएनए मार्करने, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणांनी, तपासायची, असा माझा एमएस्सीचा प्रबंध होता. मशीनवरचं काम अवघड जाईल असं वाटलं होतं, पण खरा घोळ बियाण्याच्या पिशवीतच होता.

सोलापुरात बियाणं मिळायला अडचण नाही. मालदांडी घरोघरी, मोहोळला निवडलेला एम 35-1 हा वाण तिच्यातूनच आलेला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हुरड्याची गूळभेंडी, दगडी, कुचकुची असं मागत हिंडले. “दगडीच की ही पोरी, आमच्या आज्यापासनं हीच पेरतोय,” असं एका मामांनी सांगितलं. पुढच्या गावातल्या दगडीचं कणीस मात्र वेगळंच दिसत होतं. ज्वारी बहुतांशी स्वपरागसिंचित असली तरी शेजारच्या वावरातले थोडे परागकण येतातच, त्यामुळे शेतकऱ्याची पिशवी म्हणजे मिश्र कुटुंब. सगळ्या रोपांची पानं एकत्र वाटली, तर जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी पातळ चकती) दोन रेघा दिसल्यावर एकच रोप संकरित आहे की दोन वेगळी रोपं मिसळलीत, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक पिशवीतल्या काही रोपांचा डीएनए वेगवेगळा काढला. काम कितीतरी पटीने वाढलं. तरी पुन्हा केलं तर असंच करीन.

रोपं अंधारात उगवली, कारण हिरव्या पानातल्या फिनॉलमुळे अर्क तांबूस होतो. हा तांबूसपणा रोखायला त्यात पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायनं घालायची. मर्कॅप्टोइथेनॉलचा वास घरच्यांनीही ओळखायला सुरुवात केली. पुढे डीएनए वेगळा काढायला सीटॅब, क्लोरोफॉर्म, थंड आयसोप्रोपॅनॉल. पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) चालू असताना वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मार्कर एसएसआर घेतले. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं सलग पुन्हापुन्हा येतात, ती किती वेळा येतात हे वाणागणिक बदलतं, आणि तेवढ्याने जेलवरची रेघ वरखाली सरकते. ज्वारीचा सुमारे 73 कोटी अक्षरांचा जीनोम 2009 मध्ये प्रसिद्ध झाल्यामुळे दहाही गुणसूत्रांवरचे प्रायमर, म्हणजे पीसीआरला कुठून प्रती काढायच्या ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे, निवडता आले. तुलनेला मका घेतला. काही प्रायमर त्याच्यावरही चालले. जवळचे भाऊबंदच ते. ऊस तर ज्वारीला मक्याहूनही जवळचा, बाजरी मात्र दोघांपेक्षा लांबची. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे ऐकून कुणाचाच विश्वास बसत नाही.

रेघ दिसली की 1, नाही तर 0. दोन वाणांतलं साम्य मोजायला जकार्ड गुणांक वापरला, तो दोघांतही नसलेल्या रेघा मोजत नाही, कारण एखादी रेघ दोघांतही नाही, एवढ्यावरून नातं जोडणं मला पटत नव्हतं. यूपीजीएमए या पद्धतीने (जवळच्यांना आधी जोडत जाणाऱ्या) नात्यांचं झाड काढलं तेव्हा मका सगळ्यांपासून दूर, खरीप संकरित वाण एका फांदीवर आणि रब्बीचे देशी वाण दुसऱ्या. हे अपेक्षितच; 1964 च्या सीएसएच-1 या संकरित वाणाची मादी काफिर गटातल्या ज्वारीची, आपली रब्बी ज्वारी मुख्यतः दुर्रा गटाची. दोन गावांच्या दगडी मात्र वेगवेगळ्या फांद्यांवर बसल्या, आणि त्यातली एक मालदांडीला चिकटून.

बूटस्ट्रॅप (त्याच माहितीतून पुन्हापुन्हा नमुने काढून फांदी किती वेळा टिकते ते पाहणं) केल्यावर खरीप-रब्बीची मोठी फांदी भक्कम निघाली, रब्बीतल्या बारीक फांद्या डळमळीत. त्या तशाच ठेवल्या, प्रत्येकीशेजारी आकडा लिहून. गाइड एवढंच म्हणाले, “आकडे जरा मोठ्या अक्षरात लिहा.”