कात सापडेपर्यंत

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात मी इतकी वर्षं पक्षी मोजायला जाते, की सप्टेंबरात चतुर (ड्रॅगनफ्लाय) मोजायला निघाले तेव्हाही सवयीने सकाळी सहालाच तिथल्या चापडगावला पोचले. कितीतरी वेळ काहीच उडेना. सगळे पंखांवर दव घेऊन पाणकणसाच्या पात्यांना चिकटलेले. अंग तापल्याशिवाय चतुराचे पंख चालत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वेळ ठेवली नऊ ते बारा.

काठाने शंभर मीटरचा पट्टा ठरवायचा, सावकाश चालायचं आणि दिसेल ते वहीत उतरवायचं. अभयारण्य असल्याने वनविभागाची परवानगी आधीच काढली होती. जाळं न वापरता फोटोवरच भागवलं. बसताना चतुर पंख पसरतो, त्याची नाजूक भावंडं असलेली टाचणी (डॅमसेलफ्लाय) बहुधा पाठीवर मिटून घेते, इथपर्यंत सोपं. पण निळ्या टाचण्यांनी दमवलं. शेपटीच्या टोकाचे बारीक चिमटे फोटोत स्पष्ट आले नाहीत, तर जात सांगता येत नाही. अशा नोंदी मी ‘निळी टाचणी, जात नक्की नाही’ म्हणूनच ठेवल्या. अंदाजाने नाव टाकलं की यादी लांबते, पण पुढे ती वापरणारा फसतो.

तिसऱ्या दिवशी आभाळभर वॉन्डरिंग ग्लायडर जातीचे चतुर. सोबतची मुलं हरखली. पण हा चतुर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जाणारा; डोक्यावरून गेला म्हणजे इथलाच, असं कसं म्हणायचं? गढूळ नाल्याच्या तोंडाशी तर पंखांवर केशरी पट्टा मिरवणारे डिच ज्वेल चतुरच जास्त, त्यांना घाण पाणीही चालतं. मग ह्या पाण्यात जन्मतं कोण?

म्हणून गुडघाभर पाण्यात उतरून काती, म्हणजे पाण्यातली अळी चतुर होताना मागे टाकते ती सालं, शोधायला लागले. लव्हाळ्याच्या काडीला वीतभर उंचीवर एक सापडली: पोकळ, मातकट, पाय अजून काडीला घट्ट आवळलेले. पाठीवर उभी चीर आणि चिरेतून बाहेर लोंबणारे पांढरे धागे. ते अळीच्या श्वासनळ्यांचं अस्तर. टाचणीची असती, तर शेवटी पानांसारखे तीन कल्ले दिसले असते. इथे आखूड काटे होते. म्हणजे चतुर, आणि ह्याच पाण्यातून वर आलेला.

नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्याचं नाव पक्ष्यांमुळे. पाण्याखाली वाढणाऱ्या ह्या जिवांचीही तशीच नीट नोंद व्हावी, असं मला मनापासून वाटतं. ती कात मी हलवली नाही. काडीच्या बुंध्याशी पट्टी धरून फोटो घेतला, तारीख आणि पाण्याची खोली लिहिली, आणि पुढची काडी बघायला वाकले.