शेवटचा गुण कोणी केला?

मे महिन्यातल्या एका रविवारी मी मुलाच्या रग्बी प्रशिक्षकाशी मैदानाच्या कडेला उभा राहून भांडलो. इटलीत येऊन नऊ वर्षं झाली, पण भांडण्याइतकी भाषा मला अजून येत नाही. तरीही भांडलो. बाकीचे पालक दुसरीकडे बघत होते.

झालं असं. पोरगं तेरा वर्षांचं. समोरून धावत येणाऱ्या मुलाला अडवायला खाली वाकलं आणि त्या मुलाची मांडी ह्याच्या कानशिलावर बसली. आडवा झाला. चार-पाच सेकंदांत उठला, तोंडावरची माती बाहीने पुसली आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. खरं सांगतो, त्या क्षणी माझी छाती फुगली होती. सांगलीचं रक्त, म्हटलं. तेवढ्यात प्रशिक्षक मैदानात गेले, त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि त्याला पाच प्रश्न विचारले. आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चाललाय की दुसरा? शेवटचा गुण कोणी केला? मागचा सामना कोणाशी होता? तो आपण जिंकलो का?

तिसऱ्या प्रश्नाला तो अडला. मग एक नाव घेतलं, ते चुकीचं होतं. संपलं. त्याला हाताला धरून बाहेर आणलं. त्या दिवसापुरतंच नाही, निदान तीन आठवडे सामना नाही आणि त्यानंतरही डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय नाही. आणि पुढच्याच्या पुढच्या रविवारी त्यांच्या वर्षाची शेवटची स्पर्धा होती. वर्षभर पाऊस, चिखल, थंडी काही न बघता मी त्याला सरावाला सोडत होतो ते त्या स्पर्धेसाठी.

मी म्हटलं, पोरगा घाबरला म्हणून चुकला. बघा, चालतोय, बोलतोय. ओकारी नाही, चक्कर नाही. प्रशिक्षक पन्नाशीचे आहेत, आवाज चढवत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही बहुतेक बरोबर असाल. पण मला 'बहुतेक' चालत नाही." आणि पुन्हा मैदानाकडे तोंड करून उभे राहिले.

त्या वाक्याचा राग मला दोन महिने होता. बायको त्यांच्या बाजूची. पोरगा माझ्या बाजूचा, पण तोही पंधरा दिवसांत विसरला. मीच धरून बसलो होतो. गावाकडे फोन केला की प्रत्येकाला सांगायचो, इकडे पोरांना खरचटलं तरी कागद लागतो म्हणून.

मग जुलै आला आणि जगातली वीस वर्षांखालची पोरं आमच्या अंगणात खेळायला आली.

वर्ल्ड रग्बीची २० वर्षांखालील अजिंक्यपद स्पर्धा २०२५ साली इटलीत झाली. बारा देश आणि चार गावं: काल्विसानो, रोविगो, वेरोना, वियादाना. वेरोना सोडलं तर बाकीची नावं इथल्या फुटबॉलवाल्यांनाही पटकन आठवणार नाहीत. काल्विसानो ब्रेशा जिल्ह्यातलं. त्या जिल्ह्यातल्या गोठ्यांत आपले पंजाबी लोक वर्षानुवर्षं गायी सांभाळतात. रोविगो आमच्यापासून आगगाडीने अर्ध्या तासावर. ही स्पर्धा २००८ साली वेल्समध्ये सुरू झाली. आज ज्यांची पोस्टरं पोरांच्या खोल्यांत दिसतात त्यातले कितीतरी जण आधी इथे खेळून गेलेत. आपल्याकडे एकोणीस वर्षांखालच्या क्रिकेट विश्वचषकाचं जे स्थान, तेच हिचं.

आणि २९ जूनला, ही स्पर्धा सुरू झाली त्याच दिवशी, मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा अंतिम सामना होता. ते मी क्लबात सगळ्यांना मोबाईलवर दाखवलं. शिवाय इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी गेली जवळजवळ दीडशे वर्षं खेळतात, तो कलकत्त्याच्या क्लबाने आपले शिल्लक चांदीचे रुपये वितळवून केलेला आहे, हेही सांगितलं. भारतात रग्बी नाही, असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. म्हणणाऱ्याचं फारसं चुकत नाही, तरीही राहवत नाही.

क्लबाने पोरांसाठी अंतिम सामन्याची तिकिटं काढली. १९ जुलै, शनिवार, रोविगो. दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड.

रोविगोबद्दल थोडं सांगतो, कारण ह्या गावात मला दरवेळी सांगली दिसते. एका बाजूला आदिजे नदी, दुसऱ्या बाजूला पो, मध्ये ताटासारखी सपाट जमीन. १९५१ च्या नोव्हेंबरात पो फुटली आणि हा सगळा मुलूख पाण्याखाली गेला. लाखाहून जास्त माणसांना घरदार सोडावं लागलं आणि त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत. इथली म्हातारी माणसं अजून पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीकडे बोट करून दाखवतात. २००५, २०१९, २०२१ पाहिलेल्या माणसाला ते बोट ओळखता येतं. अशा मुलखात लोकांनी फुटबॉल सोडून रग्बी जिवापाड धरली. क्लब १९३५ चा. मैदानाला मारिओ बात्तालिनीचं नाव आहे. तो इथलाच. फ्रान्समध्ये जाऊन व्हिएन नावाच्या क्लबाकडून खेळून आलेला. पुढे दक्षिण आफ्रिकेचा नास बोथा इथे कित्येक हंगाम खेळला. त्यामुळे अंतिम सामन्याला हिरव्या जर्सीवाली पोरं मैदानात आली तेव्हा माझ्या मागच्या बाकावरच्या आजोबांनी "आपली पोरं आली" असं शेजाऱ्याला सांगितलं, ते मला मुळीच विचित्र वाटलं नाही.

हवेत ओल, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि डास थेट कृष्णाकाठचे. दोन्ही देशांचे लोक एकत्र मिसळून बसलेले, मध्ये कुंपण नाही की पोलीस नाहीत. पंच शिट्टी वाजवतो, कर्णधार पुढे येतो, दोन वाक्यं बोलतो आणि मागे जातो. बाकी कोणी तोंड उघडत नाही. शंभर-सव्वाशे किलोची वीस वर्षांची पोरं शाळेत उभी असल्यासारखी.

दक्षिण आफ्रिकेने २३-१५ असा सामना घेतला. २०१२ नंतर पहिल्यांदा. चषक उचलणाऱ्या कर्णधाराचं नाव रायली नॉर्टन. आता हे वाचा. हाच पोरगा २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या संघात होता. त्या स्पर्धेची बेनोनीची उपांत्य फेरी आठवतेय ना? २४५ हव्या होत्या, आपले ३२ वर ४ गेले होते, आणि बीडच्या सचिन धसने ९६ मारून त्यांच्या तोंडचा घास काढला होता. त्या हिवाळ्यात घरी हरलेला पोरगा दीड वर्षात दुसऱ्याच खेळाचा जगज्जेता संघ घेऊन माझ्यासमोर उभा होता. मी शेजारच्यांना बीड कुठे आहे ते हातावर नकाशा काढून समजावलं.

शेजारी कोण होतं, तर तेच प्रशिक्षक.

मध्यंतरात त्यांनी स्वतःहून विषय काढला. ह्या पातळीवर डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर नेतात, संघाशी संबंध नसलेला डॉक्टर त्याला तपासतो, बारा मिनिटं. शब्द आठवतात का, तोल जातो का, ते बघतात. अलीकडे दाताच्या गार्डमध्येच चकती बसवतात, धक्का किती जोराचा होता ते बाहेर बसलेल्या डॉक्टरला कळतं. "तुमच्या मुलाच्या सामन्याला डॉक्टर नाही, चकती नाही, फक्त मी आहे," ते म्हणाले. "मी डॉक्टर नाही. म्हणून आमच्या पातळीवर नियम सोपा आहे. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही."

मग त्यांनी उत्तर आयर्लंडच्या एका शाळकरी पोराची गोष्ट सांगितली. २०११ सालची. चौदा वर्षांचा. शाळेच्या सामन्यात डोक्याला मार बसला, उठला, खेळत राहिला. पुन्हा बसला, पुन्हा खेळला. सामना संपता संपता कोसळला, तो गेलाच. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा बसला की असं होऊ शकतं, आणि कोवळ्या वयात धोका जास्त. तो पोरगाही उठून उभा राहिला होता. चालत होता, बोलत होता.

मी काही बोललो नाही. दुसरा हाफ सुरू झाला.

आता माझी बाजूही मांडतो, कारण ती आहे. आम्ही बेफिकीर होतो असं मला कोणी म्हणू नये. आम्ही मातीवर कबड्डी खेळलो. जवळचं सरकारी रुग्णालय वीस किलोमीटरवर आणि रात्री तिथे डॉक्टर असेलच असं नाही. पाच प्रश्न विचारायला आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आणि हे शहाणपण ह्या लोकांनाही काही जन्मापासून नव्हतं. २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन बेचाळिसाव्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान घेऊन जगासमोर आला. तो अंतिम सामना जिंकल्याचं त्याला आठवत नाही. त्याने आणि त्याच्यासारख्या अनेकांनी रग्बी चालवणाऱ्या संस्थांवर दावा लावला. म्हणजे त्यांचाही नियम माणसं खर्ची पडल्यावरच आला. तो आधी त्यांच्याकडे आला, एवढंच.

पण परतीच्या गाडीत हे सगळं प्रशिक्षकांना ऐकवायच्या बेतात असताना थॉम्पसनची गोष्ट माझ्याच घशात अडकली.

माझ्याकडे एक ढाल आहे. सांगलीच्या घरी शोकेसमध्ये आहे, आईने त्यावर प्लास्टिक घातलंय. १९९९, वाळवा तालुक्यातल्या एका यात्रेतल्या स्पर्धा, अंतिम सामना. पहिल्या डावात मी चढाईला आलेल्याची घोटापकड केली आणि त्याचा गुडघा माझ्या कपाळाच्या कडेला बसला. कोणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला, तोंडावर पाणी मारलं, आणि हलगी पुन्हा सुरू झाली. मी खेळलो. आम्ही जिंकलो. सव्वीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलोय. बायकोला लग्नाआधी सांगितली, पोराला झोपताना किती वेळा सांगितली. त्या रविवारी मैदानाच्या कडेलाही सांगणार होतो, भाषा पुरली नाही म्हणून राहिली.

वाटेतलं मोन्सेलिचे गेलं. पोरं दमून एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती, माझा त्यात. मी मनातल्या मनात ते पाच प्रश्न स्वतःला विचारले. मैदान कुठलं? देवळामागचं. मागचा सामना कोणाशी? आठवतं. जिंकलो का? हो. पण दुसऱ्या डावातलं काहीच नाही. एक चढाई नाही, एक पकड नाही. कांद्याचा वास आहे आणि त्यानंतर थेट हातात ढाल आहे. मधल्या वीस मिनिटांची जी गोष्ट मी सांगतो ती मला दुसऱ्यांनी सांगितलेली आहे.

दुसऱ्या दिवशी संपतला फोन लावला. आमचा डावा कोपरा. आता त्याचं खताचं दुकान आहे. म्हटलं, यात्रेतली फायनल, मला लागल्यावर काय झालं ते खरं सांग.

तो हसला, मग गप्प झाला. म्हणाला, "आरं, तू पाळी नसताना दोनदा चढाईला निघालास. एकदा आपल्याच पोराला धरलंस. आम्ही हसलो. ढाल घेतल्यावर तू तीनदा विचारलंस, कोण जिंकलं म्हणून. तवा मात्र घाबरलो." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परत येताना मास्तरांनी सांगितलं होतं, ह्याला झोपू देऊ नका. बाकीचे सहाही जण उजाडेपर्यंत आळीपाळीने माझ्याशी बोलत बसले होते. आईला सांगायचं नाही, अशी शपथ घेतली होती. ती त्यांनी सव्वीस वर्षं पाळली. मला हे काहीच माहीत नव्हतं.

मी त्याला विचारलं, "संपत, त्या सामन्यातला शेवटचा गुण कोणी केला?"

"तूच की रं," तो म्हणाला.